मास्तर मागे बसले

मास्तरांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. बँकेतला कारकूनसुद्धा सही तपासताना "मास्तर, इथे अजून एक करा" असंच म्हणायचा. चष्म्याच्या दुकानावरच्या मजल्यावर त्यांची ड्रायव्हिंग शाळा होती. खोली एकच. भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता, चार खुर्च्या आणि खाली रस्त्यावर उभी असलेली पांढरी मोटार. या मोटारीत शिकवणाऱ्याच्या पायाशी आणखी एक ब्रेक होता. मास्तर तोंडाने "सावकाश, सावकाश, घाई कुठाय आपल्याला" म्हणत राहायचे आणि पायाने अलगद तो ब्रेक दाबायचे. शिकणाऱ्याला वाटायचं, गाडी आपणच थांबवली. त्याची छाती फुगायची. त्यामुळेच भित्र्यातले भित्रे लोकही शेवटी मास्तरांकडेच यायचे.

आयुष्यभर त्यांचा उजवा पाय असा तयार असे. घरी सोफ्यावर बसून सिनेमा पाहताना पडद्यावर गाडी वळली की हा पाय फरशीवर दाबला जाई. बायको शेजारी बसून म्हणायची, "थांबली हो, थांबली. तुम्ही नसता तर मेलाच होता बिचारा."

बायकोला सगळे मास्तरीणबाई म्हणत. खरं तर बाईंचा शिकवण्याशी काही संबंध नव्हता. मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात धुलाई खातं होतं, त्याच्या त्या प्रमुख. चादरी, अभ्रे, ऑपरेशनची हिरवी कापडं, डॉक्टरांचे डगले. सकाळी गाडे भरून खाली यायचे आणि संध्याकाळी इस्त्री होऊन वर जायचे. नवराबायकोच्या कामात साम्य एकच होतं. काम नीट झालं, तर ते झाल्याचं कोणाच्या लक्षातही यायचं नाही.

मास्तरांचा शौक मात्र मोटारसायकलचा. दिवसभर दुसऱ्याच्या हातातल्या गाडीत बसणाऱ्याला स्वतःच्या हातातली गाडी लागतेच. त्यांची एक टोळी होती. बेकरीवाला आणि त्याची बायको, फोटोवाला, आणखी दोघंतिघं. एक वर्षाआड सगळे मिळून मोटारसायकलवर लांबच्या सहलीला जायचे. डोंगर ओलांडून कधी समुद्राकडे, कधी तळ्यांच्या मुलखात. रस्ता मास्तर ठरवायचे, मुक्काम मास्तर ठरवायचे आणि सगळ्यांत पुढे मास्तरांची काळी गाडी असायची. मागच्या सीटवर मास्तरीणबाई.

या वर्षीच्या सहलीचा बेतही त्यांनीच आखला होता. पण मध्येच डोळ्याने दगा दिला.

झालं असं की एका शिक्षिकेला ते चौक ओलांडायला शिकवत होते. एकदम उजव्या डोळ्यावर कोणी बाजूने काळा पडदा ओढावा तसं झालं. दुखलं नाही, खुपलं नाही, नुसता पडदा. मास्तरांनी पाय ब्रेकवर ठेवला आणि म्हणाले, "आता डावा दिवा द्या, गाडी कडेला घ्या. छान. इंजिन बंद करा. आता मला जरा रुग्णालयात सोडाल का? नाही, टॅक्सीने. तुम्ही अजून तेवढ्या तयार झालेल्या नाही."

डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता. ऑपरेशन झालं, डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला आणि डॉक्टरांनी सांगितलं की आता दिवसरात्र पालथं पडून राहायचं. मास्तर पालथे पडून फरशी मोजत राहिले. बाई सकाळी यायच्या, त्यांचं तोंड पुसायच्या आणि थोड्या वेळाने म्हणायच्या, "मी खाली जाते कामाला." मास्तरांना राग यायचा. नवरा असा उपडा पडलाय आणि ही चादरी मोजायला जाते! पण उपड्या माणसाला रागावून पाठही फिरवता येत नाही. राग गिळून ते पडून राहिले.

हळूहळू डोळा सुधारला. बुडबुडा विरघळला. पण एका डोळ्याने दिसतं ते दुसऱ्याशी जुळेना. कप टेबलावर ठेवायला जावं तर तो टेबलाच्या अलीकडेच हवेत सुटायचा. डॉक्टर म्हणाले, "डोंगरात जा, फिरा, गाडीवर मागे बसा. आता काही हरकत नाही. चालवायचं मात्र नाही. मी सांगेपर्यंत नाही."

तेव्हा टोळीची बैठक बेकरीच्या मागच्या खोलीत भरली. मैद्याच्या पोत्यांवर सगळे बसले होते. कोणी विषय काढेना. शेवटी मास्तरांनीच काढला. "तुम्ही जा," ते म्हणाले. "रस्ता मी आखून दिलाय. फोटोवाला पुढे राहील. आमचं पुढच्या वेळी बघू."

फोटोवाला म्हणाला, "तुमच्याशिवाय काय मजा?" बेकरीवाला म्हणाला, "हो ना." आणि दोघांच्याही चेहऱ्यावर सुटल्याचा भाव होता, तो मास्तरांना एका डोळ्यानेही दिसला.

मास्तरीणबाई कोपऱ्यात उभ्या राहून पदार्थांच्या रिकाम्या ट्रेमधला चुरा बोटाने गोळा करत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "आम्ही येतोय. गाडी मी चालवीन."

बेकरीवाल्याचा हात कणकेत होता तो तिथेच राहिला. मास्तर मोठ्याने हसले. आपण एकटेच हसतोय हे कळल्यावर थांबले.

घरी जाताना रस्त्यात ते म्हणाले, "अगं, तुझी ती स्कूटर वेगळी. ही गाडी माणसाला मांडीखाली चिरडेल."

"तुम्हाला कुठे चिरडलं?"

"मी शिकलोय."

"मग शिकवा की. अख्ख्या गावाला शिकवता."

खरी गोम तिथेच होती. लग्न झाल्यावर मास्तरांनी बायकोला मोटार शिकवायला घेतली होती. दुसऱ्या दिवशी ती भर रस्त्यात गाडीतून उतरून चालत घरी गेली होती. परक्या माणसाशी बोलताना मास्तरांच्या जिभेवर साखर असायची. घरच्या माणसाशी बोलताना ती कुठे विरघळायची कोण जाणे.

या वेळीही तसंच झालं. रुग्णालयामागच्या मोकळ्या मैदानात मास्तर बाजूने पळत होते आणि ओरडत होते, "क्लच! क्लच म्हटलं मी! अगं, हात आहे की ओंडका?" दुसऱ्या संध्याकाळी बाईंनी गाडी बंद केली, शिरस्त्राण काढलं आणि ते त्यांच्या हातात दिलं.

"मी टीचरकडे शिकते," त्या म्हणाल्या.

टीचर म्हणजे मास्तरांचीच जुनी विद्यार्थिनी. मास्तरांच्या हाताखाली शिकली, त्यांच्याच शाळेत शिकवायला लागली आणि एक दिवस समोरच्या रस्त्यावर स्वतःची शाळा काढून बसली. मोटारसायकलही शिकवायची. मास्तर तिच्याशी वाकडं बोलत नसत, पण सरळही बोलत नसत.

"लोक काय म्हणतील?" मास्तर म्हणाले. "हलवाई स्वतःच्या घरात दुसऱ्याची मिठाई आणतो?"

"म्हणतील, हलवायाच्या बायकोला हलवाई नीट बोलत नाही."

बाई सुट्टीच्या दिवशी आणि कामावरून लवकर सुटल्या की टीचरकडे जाऊ लागल्या. मास्तर घरात येरझाऱ्या घालायचे. एकदा राहवेना म्हणून गेले आणि मैदानाच्या कडेला पाण्याच्या टाकीआड चोरासारखे उभे राहिले. बाई वळण घेत होत्या. वळण लहान पडलं, गाडी कलली आणि धप्पकन आडवी झाली. मास्तरांचा पाय टाकीच्या भिंतीवर आपटला. ते धावणार इतक्यात त्यांना दिसलं की टीचर जागची हलली नाही. हाताची घडी घालून तिने फक्त विचारलं, "लागलं?" बाईंनी मान हलवली. मग त्या गाडीकडे पाठ करून खाली बसल्या, दोन्ही हातांनी गाडी धरली आणि पायांच्या जोरावर पाठीने रेटत रेटत ती उभी केली. ओल्या चादरींचे गाडे उभी हयात रेटलेली बाई ती. पुन्हा बसल्या. पुन्हा वळल्या. या वेळी जमलं.

मास्तर मागच्या मागे घरी आले. बाई आल्यावर त्यांनी चहा पुढे केला आणि म्हणाले, "गुडघ्याला लावायला मलम त्या कपाटात आहे."

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. "टाकीमागे उभं राहून उन्हात डोकं तापवू नका," त्या म्हणाल्या. "डोळ्याला बरं नाही."

बाईंनी परवाना काढला, आणि पहिल्या फटक्यात काढला. टोळीने टाळ्या वाजवल्या. बेकरीवाल्याने क्रीमने गाडी काढलेला केक आणला. आता सगळं सोपं, असं सगळ्यांना वाटलं. पण अवघड विद्यार्थी पुढेच होता आणि तो मागे बसणार होता.

सरावाच्या पहिल्या फेरीतच ते कळून चुकलं. मास्तरांना मागे बसता येत नव्हतं. इतकी वर्षं पुढे बसलेलं अंग ते. बाईंनी डावीकडे वळावं, की मास्तरांना वाटे जास्तच कलतेय, आणि ते उजवीकडे रेलत. बाई वेग वाढवू लागल्या की ते पाठीमागे ताठ होत. प्रत्येक चौकात त्यांचा पाय पायटेकणीवर असा दणकन दाबला जाई की अख्खी गाडी डुले. आणि कानाशी अखंड चालू: "ट्रक आहे. ट्रक दिसला का? खड्डा. आता गिअर. अगं, गिअर."

नदीकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या वळणावर व्हायचं ते झालं. बाई आत कलल्या, मास्तर बाहेर कलले, गाडीला कळेना कोणाचं ऐकावं. वेग नव्हता म्हणून निभावलं. दोघं कडेच्या गवतात बसल्यासारखे पडले आणि आरसा फुटला.

बाईंनी आधी त्यांचा डोळा बघितला. त्यांना उलटं सुलटं करून, बोट धरायला लावून, खात्री करून घेतली. मग म्हणाल्या, "तुम्ही बसने या मुक्कामाला. मी गाडीवरून येते."

त्या रागाने बोलल्या असत्या तर मास्तरांनी प्रत्युत्तर केलं असतं. पण त्या अगदी शांतपणे बोलल्या होत्या. मास्तर घरापर्यंत चालत गेले. बाई पहिल्या गिअरमध्ये त्यांच्या बाजूने.

दुसऱ्या दिवशी मास्तर बेकरीत गेले. बेकरीवाला नव्हता, त्याची बायको होती. टोळी सुरू झाल्यापासून ती मागच्या सीटवर बसत आली होती. पावांच्या लाद्या सोडवता सोडवता तिने त्यांचं सगळं ऐकून घेतलं.

"वहिनी," मास्तर म्हणाले, "मागे बसायचं म्हणजे नेमकं काय करायचं असतं?"

वहिनी हसली नाही, हे तिचे उपकार. "काही नाही करायचं," ती म्हणाली. "तेच अवघड. वळण आलं की चालवणाऱ्याच्या आतल्या खांद्यावरून रस्त्याकडे बघायचं. अंग आपोआप जातं. हात तिच्या कमरेला. आणि भाऊजी, रागावू नका, तोंड बंद."

"आणि भीती वाटली तर?"

"वाटते ना. तुमच्या मित्राच्या मागे बसून मी दर वेळी घाबरते. तो कुठे तुमच्याएवढं छान चालवतो? पण मी दाबलं म्हणून काही थांबणार आहे का गाडी?"

मास्तर घरी आले. बाई सामान भरत होत्या. गाडीच्या दोन्ही बाजूंच्या पेट्यांत काय भरायचं, याचा मास्तरांनी नेहमीप्रमाणे घोळ घातला होता. पान्हे, दोऱ्या, वायरी, पंपाचे तीन प्रकार. बाईंनी सगळं बाहेर काढलं, कपड्यांच्या घट्ट गुंडाळ्या केल्या, एकीत एक बसवल्या आणि मास्तरांचे सगळे पान्हेही त्यात बसवून दाखवले. मास्तर बघत राहिले.

"इतकी वर्षं तू मागे बसलीस," ते शेवटी म्हणाले. "काय करायचीस गं?"

"तुमची पाठ बघायची."

"आणि?"

"आणि बोलायची. पहिली काही वर्षं मी बोलायची तुमच्याशी. तुम्ही मान हलवायचात. मग एकदा मी म्हटलं, मागे गाडी पेटली वाटतं. तेव्हाही तुम्ही मान हलवलीत. त्यानंतर मनातल्या मनात बोलायला लागले."

मास्तरांना हसू आलं आणि लाजही वाटली. "वाऱ्यात ऐकू येत नाही गं," ते म्हणाले.

"ते मलाही कळतं."

मास्तर उठले आणि फोटोवाल्याकडे गेले. शिरस्त्राणात बसवायची बोलायची यंत्रं येतात, त्यातली एक जोडी फोटोवाल्याकडे पडून होती. त्याने ती बसवून दिली. सरावाला निघताना बाईंनी त्यांच्यापुढे अट घातली. "सूचना नाही करायच्या. एकही नाही. ट्रक मला दिसतो."

"कबूल."

तो सराव लांबचा होता. टोळीतली सगळी मंडळी होती, ऊन कोवळं होतं, रस्ता सरळ होता. मास्तरांनी वहिनीचं ऐकून आतल्या खांद्यावरून बघायला सुरुवात केली. सुरुवातीला पाय दाबला जाई, मग कमी दाबला जाऊ लागला. बाई गाडी चांगली चालवत होत्या. जरा जपून, पण चांगली. मास्तरांनी इतक्या लोकांची परीक्षा घेतली होती की हे कबूल करायला त्यांना वेळ लागला नाही. आणि ते कबूल केल्याबरोबर काय झालं असेल? मास्तर झोपले.

बाईंच्या शिरस्त्राणावर मागून टक्कन आवाज झाला. मग परत टक्कन. "अहो! काय होतंय? डोळा का?"

"अं?" यंत्रातून आवाज आला. "आलं का घर?"

बाईंनी गाडी कडेला घेतली. मागून सगळे थांबले. प्रकार कळल्यावर बेकरीवाला हसून हसून गाडीच्या टाकीवर आडवा पडला. "कालपर्यंत म्हणत होता जीव मुठीत धरून बसतो, आणि आज घोरतो!" पण बाई हसल्या नाहीत. मागे बसलेला झोपून खाली पडला तर? डोंगरातल्या वळणांवर तर?

"मला दोरीने बांध," मास्तर ओशाळून म्हणाले. "आहे आपल्याकडे दोरी."

"काही नको. मी बोलत राहते. तुम्ही हूं म्हणायचं. हूं आला नाही की मी थांबणार."

असं ठरलं आणि सहलीला निघायची सकाळ उजाडली. टोळी बेकरीसमोर जमली. पुढे फोटोवाला, मध्ये बाकीचे, आणि बाईंनी स्वतः मागून घेतलेली जागा शेवटून दुसरी. कोणी "मास्तर, पुढे या" म्हटलं नाही. टीचर रस्ता ओलांडून आली. बाईंच्या हातमोज्याचा पट्टा तिने नीट केला, मग मास्तरांपुढे उभी राहिली.

"तू हिला ओरडली नाहीस," मास्तर म्हणाले.

"तुम्हीच शिकवलंत, सर. परक्यांना तुम्ही कधीच ओरडला नाहीत."

मास्तरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तोवर इंजिनं सुरू झाली होती.

पहिल्या दिवशी सपाटीचा रस्ता आणि दुपारनंतर घाट. बाई कबूल केल्याप्रमाणे बोलत होत्या. काय बोलणार? त्यांना ठाऊक होतं ते धुलाई खातं. चादरींतून काय काय खाली येतं ते त्या सांगू लागल्या. अंगठ्या येतात, चष्मे येतात, एकदा तर अख्खा रेडिओ आला, चालू. एकदा कवळी आली. यंत्रातून दोनदा धुऊन निघाली आणि अशी पांढरीफेक झाली की मालक म्हणायला लागला ही माझी नव्हेच, माझी पिवळी होती.

"मग?" मास्तर म्हणाले.

"हूं म्हणा. मग कसलं?"

"नाही, मग काय केलंस?"

बाईंनी आरशात बघायचा प्रयत्न केला, पण आरशात त्यांना फक्त शिरस्त्राणाची कड दिसली. "मग त्याला म्हटलं, लावून तर बघा. लावली. बसली. तरी म्हणतो, बसतेय पण माझी नाही." मास्तर एवढे हसले की गाडी हलली, आणि बाई म्हणाल्या, "हळू."

वळणं सुरू झाली. दोघं एकदम डावीकडे कलले, एकदम उजवीकडे. काही वळणं गेल्यावर मास्तर म्हणाले, "एक विचारू? मी उपडा पडलो होतो तेव्हा तू रोज खाली जायचीस. मला फार राग यायचा."

बाईंनी एक गिअर खाली घेतला.

"तुमच्या वॉर्डातला गाडा सगळ्यांत आधी यायचा," बाई म्हणाल्या. "तुमच्या खाटेचं कापड मी स्वतः उलगडायची. डोळ्याखाली येतं ते. त्यावर रक्त नाही, पाणी नाही, घामही कमी, असं दिसलं की कळायचं, रात्र बरी गेली. वर डॉक्टर सांगेपर्यंत दुपार व्हायची. मला धीर नव्हता तेवढा."

मास्तरांनी हूं म्हटलं नाही. बाई थांबायला हव्या होत्या, ठरलं होतं तसं. पण त्यांच्या कमरेभोवतीचे हात घट्ट झाले होते आणि झोपलेल्या माणसाचे हात तसे होत नाहीत. त्यांनी पुढचं वळण घेतलं.

सहलीत पुढे नेहमीसारखंच सगळं झालं. फोटोवाला रस्ता चुकला. बेकरीवाल्याचं टायर बसलं आणि पंपांच्या तीन प्रकारांपैकी एक कामाला आला, त्याचा मास्तरांनी दोन मुक्काम डंका पिटला. एका लॉजमध्ये खोलीवरून भांडणही झालं. परत येईपर्यंत मास्तरांना धुलाई खात्यातल्या प्रत्येक माणसाची नस ठाऊक झाली होती, आणि पुढच्याच आठवड्यात ते पहिल्यांदा तळघरात उतरून सगळ्यांना भेटून आले.

नंतर डोळ्याच्या डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवायची परवानगी दिली. मास्तर आता पुन्हा काळ्या गाडीवर पुढे बसतात. पण लांब जायचं असलं की दोघं आलटूनपालटून चालवतात आणि वाटणी ठरलेली आहे. सपाटीचा रस्ता मास्तरांचा. घाट बाईंचा.